मदत हवी आहे : खरेदीखत नोंदवलेले आहे, तरी फेरफार नामंजूर. तुकडेबंदीच्या नव्या अध्यादेशानंतर दाद नेमकी कोठे मागावी?

नमस्कार.

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावालगत दोन गुंठे जागेवर आमचे घर आहे. ही जागा माझ्या वडिलांनी 2009 साली एका शेतकऱ्याकडून रीतसर खरेदीखत करून घेतली. दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला गेला, मुद्रांक शुल्क व नोंदणी फी शासनाच्या तिजोरीत जमा झाली आणि सूची क्रमांक 2 वर (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) खरेदीदार म्हणून वडिलांचे नाव आले. तोच दस्त पुढे फेरफारासाठी तलाठी सज्जावर गेला, तेव्हा मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार नोंदवहीत लाल शाईने ‘तुकडा होत असल्याने नामंजूर’ एवढाच शेरा लिहून सही केली. त्या दिवसापासून आजतागायत आम्ही शासनाच्या एका खात्याच्या दृष्टीने मालक आहोत आणि दुसऱ्या खात्याच्या दृष्टीने कोणीही नाही.

तिसरे खातेही आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 8 मध्ये घराची नोंद वडिलांच्या नावे आहे, घरपट्टी व पाणीपट्टी दर वर्षी भरली जाते, विजेचे मीटरही त्यांच्याच नावे आहे. सातबाऱ्यावर मात्र संपूर्ण गट मूळ मालकाच्या नावे राहिला. ते वारल्यानंतर त्यांच्या मुलांची नावे वारस म्हणून लागली. आमचे वडील 2016 मध्ये वारले, परंतु ज्यांचे नावच सातबाऱ्यावर चढले नाही त्यांचे वारस म्हणून आमची नावे कशी लागणार, असा प्रश्न आम्हालाच विचारण्यात आला. दरम्यान मूळ मालकाच्या एका मुलाने त्या गटावर पीक कर्ज घेतले असून ‘इतर हक्क’ या सदरात बँकेचा बोजा चढलेला आहे. गाव नमुना बारा पाहिला तर आमच्या स्वयंपाकघराच्या जागेवरसुद्धा सोयाबीन उभे असल्याचे दिसते. बँकेने बोजा चढवण्यापूर्वी शोध अहवाल घेतलाच असेल. त्यात आमचा नोंदणीकृत दस्त कसा दिसला नाही, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

आता कायद्याबद्दल. महाराष्ट्र धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करण्याबाबत व त्यांचे एकत्रीकरण करण्याबाबत अधिनियम, 1947, म्हणजेच तुकडेबंदी कायदा, हा शेतीचे इतके लहान तुकडे होऊ नयेत की त्यावर कोणाचेच पोट भरणार नाही, या हेतूने झाला आणि तो हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. परंतु राज्यातील सरासरी धारणक्षेत्र 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होते, ते 2015-16 च्या कृषिगणनेत 1.34 हेक्टरवर आले. म्हणजे बांधावर भावाभावांच्या वाटण्या होतच राहिल्या, कुटुंबे वाढली तशी जमीन विभागली गेली आणि कायद्याचा वरवंटा फिरला तो प्रामुख्याने गावाच्या कडेला डोक्यावर छप्पर हवे म्हणून एक-दोन गुंठे घेणाऱ्यांवर. ज्याच्यापाशी मोठे क्षेत्र घेण्याइतके पैसे होते त्याला हा कायदा कधी आडवा आला नाही.

त्यानंतर शासनाने जे केले ते क्रमाने पाहिले तर विश्वास का उडतो हे लक्षात येईल. 2017 च्या दुरुस्तीने 15 नोव्हेंबर 1965 पासून 7 सप्टेंबर 2017 पर्यंतचे असे व्यवहार बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची सोय झाली. ही रक्कम मूळ खरेदीच्या किमतीवर नव्हे, तर चालू रेडी रेकनरवर (शासनाने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या दरांवर) असल्यामुळे आमच्यासारख्या कुटुंबाच्या आवाक्यात नव्हती. 12 जुलै 2021 रोजी नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने असे दस्त नोंदवणेच थांबवले. ते परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 5 मे 2022 रोजी रद्द ठरवले, पण निकालाचे कात्रण घेऊन नोंदणी कार्यालयात गेलेल्यांना ‘वरून पत्र आल्याशिवाय करता येत नाही’ हेच उत्तर मिळत होते. 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते किमान क्षेत्र) बागायतीसाठी 10 गुंठे व जिरायतीसाठी 20 गुंठे केले. आमच्या दोन गुंठ्यांना त्याचा उपयोग शून्य. ऑक्टोबर 2024 मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, 25 चे 5 टक्के झाले. जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत 1 जानेवारी 2025 पर्यंतच्या तुकड्यांना दिलासा देण्याची घोषणा केली आणि 3 नोव्हेंबर 2025 रोजी अध्यादेश आला तेव्हा त्यात 15 ऑक्टोबर 2024 ही तारीख होती. आता रक्कमही भरावी लागणार नाही.

यात आम्हाला आनंद व्हायला हवा, आणि तो काही अंशी आहेही. पण माझ्या मेहुण्यांनी, लातूरकडे, 2025 च्या सुरुवातीला पतसंस्थेतून कर्ज काढून 5 टक्के रक्कम भरली. त्यांना ती परत मिळेल का, असे विचारले असता संबंधित लिपिकाने हसून ‘तुम्ही घाई केलीत’ असे उत्तर दिले. शासनाने सांगितले त्या मुदतीत पैसे भरणाऱ्याला घाई केली म्हणायचे आणि ज्याने कायद्याकडे दुर्लक्ष केले त्याला आता सर्व फुकट, हे ऐकल्यावर पुढच्या वेळी कोणता शहाणा माणूस वेळेवर रक्कम भरेल?

माझी स्वतःची अडचण अशी आहे. अध्यादेश निघाल्यानंतर मी जुना नामंजूर फेरफार, खरेदीखताची प्रत, सूची क्रमांक 2 आणि घरपट्टीच्या पावत्या जोडून तहसील कार्यालयात अर्ज दिला व दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतला. ग्राम महसूल अधिकारी (तलाठ्यांचे पदनाम आता असे झाले आहे, सज्जाचे दार मात्र पूर्वीइतकेच वेळ उघडे असते) म्हणाले की, जागा बिगरशेती क्षेत्रात येते याचा झोन दाखला आणा. नगर रचना कार्यालयात गेलो तर ‘तुमच्या गावाचा झोन आमच्या नकाशावर नाही, त्यामुळे दाखला देता येत नाही’ असे तोंडी सांगण्यात आले. हे लेखी द्या म्हटल्यावर विषय बदलला. तहसीलमध्ये परत आलो तेव्हा माझ्या अर्जाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘मार्गदर्शन मागविले’ एवढे लिहिलेले दिसले. कोणाकडून मागवले, कधी मागवले, त्याचा जावक क्रमांक काय, यापैकी काहीही कोणी सांगितले नाही. पेन्सिलीने लिहिले आहे म्हणजे उद्या खोडताही येईल.

जाणकारांकडून मला पुढील गोष्टींबाबत मार्गदर्शन हवे आहे. पूर्वी नामंजूर झालेला फेरफार या अध्यादेशाच्या आधारे कार्यालयाने स्वतःहून पुन्हा तपासायचा आहे की नव्याने नोंद घ्यावी लागते? आमची जागा गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत आहे. अशा वेळी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड चा (गावठाणालगतच्या जमिनीच्या निवासी वापराबाबतचे कलम) आधार घेतल्यास झोन दाखल्याची मागणी टिकते का? मूळ मालकाच्या मुलाने चढवलेला बोजा आमच्या दोन गुंठ्यांपुरता कमी करण्यासाठी बँकेकडे जावे की तहसीलदारांकडे? मेहुण्यांच्या रकमेबाबत कोणाला परतावा मिळाल्याचे ठाऊक असल्यास तेही कळवावे. ‘एखाद्याला धरून काम करून घ्या’ हा सल्ला मला गावात भरपूर मिळालेला आहे, तेव्हा तो कृपया येथे देऊ नये.

प्रतिसाद – जिरायतदार

नमस्कार सर. मी महसूल खात्यातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे आधी त्या पेन्सिलीबद्दल बोलतो. ‘मार्गदर्शन मागविले’ हा शेरा पुष्कळदा अर्ज बाजूला ठेवण्यासाठी असतो आणि प्रत्यक्षात पत्र गेलेलेच नसते. माहितीच्या अधिकारात साधा अर्ज करा, त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तीनच गोष्टी मागा : तुमच्या अर्जावरील टिपणीची प्रत, मार्गदर्शन मागवणाऱ्या पत्राची जावक क्रमांकासह प्रत, आणि त्या पत्राला उत्तर आले असल्यास त्याची प्रत. ‘काम का झाले नाही’ असा प्रश्न विचारू नका, त्याचे उत्तर देणे त्यांना बंधनकारक राहत नाही. अस्तित्वात असलेला कागद मागा. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर प्रथम अपील. पत्र गेलेलेच नसेल तर माझा अनुभव असा आहे की माहितीची मुदत संपण्यापूर्वी तुमच्या अर्जाला पाय फुटतात.

फेरफाराबाबत : तुमचा दस्त नोंदणीकृत आहे, ही तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ज्यांच्याकडे केवळ बाँडवरची सौदाचिठ्ठी किंवा नोटरी आहे त्यांना आधी मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावा लागेल. तुम्हाला तो टप्पा नाही. जुन्या नामंजुरीविरुद्ध जमीन महसूल संहितेच्या कलम 247 खाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करता येते, पण त्याची 60 दिवसांची मुदत कधीच उलटली आहे आणि विलंब माफीच्या वाटेला लागलात तर तारखाच तारखा पडतील. त्यापेक्षा अर्जात जुन्या फेरफाराचा क्रमांक व नामंजुरीचे नेमके कारण लिहा आणि ते कारण अध्यादेशाने आता उरलेले नाही एवढाच मुद्दा मांडा. घराचा, कुटुंबाचा, वडिलांच्या कष्टांचा उल्लेख अर्जात नको. अर्ज जितका लांब तितकी तो बाजूला ठेवायला कारणे जास्त.

200 मीटरच्या प्रश्नावर भूमी अभिलेख कार्यालयाकडून गावठाण हद्दीपासूनचे अंतर दाखवणारा मोजणी नकाशा घ्या. झोन दाखला मिळत नसेल तर तो का मिळत नाही हे नगर रचना कार्यालयाला लेखी विचारून पोचपावती ठेवा आणि दोन्ही कागद तहसीलदारांच्या अर्जाला जोडा. अंतराचा सरकारी नकाशा समोर असताना ‘झोन आणा’ म्हणणे त्यांना जड जाईल.

प्रतिसाद – गोदाकाठ

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, फक्त बोजाबद्दल थोडे लिहितो, कारण मी वकिली करतो. तुमचा दस्त 2009 चा आणि कर्ज त्यानंतरचे. जे मूळ मालकाने विकून टाकले ते त्यांच्या वारसांना तारण ठेवता येत नाही, आणि नोंदणीकृत दस्ताची माहिती सर्वांना आहे असेच कायदा गृहीत धरतो. तरीही बँक असे म्हणू शकते की तुमचा व्यवहार त्या वेळी तुकडेबंदीविरुद्ध असल्यामुळे ग्राह्यच नव्हता. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे : आधी फेरफार मंजूर करून घ्या, नंतर बँकेच्या शाखेला सूची क्रमांक 2 ची प्रत जोडून नोंदणीकृत डाकेने पत्र पाठवा. मूळ मालकाच्या मुलांशी तुमचे बोलणे असेल तर त्यांचा संमतीलेख घ्या, त्याने अर्धे काम होते. त्यांनी हरकत घेतली तर प्रकरण तक्रारी (वादग्रस्त फेरफारांच्या) नोंदवहीत जाईल आणि मग स्थानिक वकिलाशिवाय पुढे जाऊ नका.

मेहुण्यांच्या परताव्याबाबत मला आशा वाटत नाही. भरलेली रक्कम परत करण्याची तरतूद नसेल तर तहसीलदार ती स्वतःहून देऊ शकत नाहीत. अन्याय आहे, हे मात्र खरे.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. माहिती अधिकाराचा अर्ज तिन्ही मुद्द्यांपुरता मर्यादित ठेवून टाईप केला आहे. मोजणीची फी भरण्यापूर्वी एक विचारायचे आहे : द्रुतगती मोजणीचे शुल्क भरावे की नियमित मोजणीत काम भागेल? मूळ मालकाच्या मोठ्या मुलाशी बोलणे झाले आहे, तो संमतीलेख द्यायला तयार आहे. कर्ज धाकट्याने घेतलेले असल्यामुळे तो अजून ‘बघू’ म्हणतो.

आणखी एक विनंती. मराठवाड्यात कोठेही, 3 नोव्हेंबरनंतर असा जुना नामंजूर फेरफार मंजूर झाला असेल, तर त्या फेरफारावर अधिकाऱ्यांनी शेरा कोणत्या शब्दांत लिहिला आहे हे नावे झाकून येथे द्यावे. आमच्या सज्जावर तो शेरा दाखवता आला तर ‘आमच्याकडे नमुना नाही’ हे उत्तर तरी बंद होईल.