मदत हवी आहे : झाकणांची शीट वाकते

नमस्कार मंडळी. ‘प्रेशस प्लास्टिक’ या प्लास्टिक-पुनर्वापर प्रकल्पाचे मोफत आराखडे बघून घरीच श्रेडर (प्लास्टिकचा चुरा करणारं यंत्र) जोडलाय. वेल्डरकाकांनी पाती दोनदा बदलली, तेव्हा कुठे चालला! बाटल्यांच्या झाकणांचा चुरा जुन्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर वितळवून दोन पत्र्यांत गाडीच्या जॅकने दाबतो. रंग झकास येतात, पण थंड होताना शीट पापडासारखी कडेने उचलते, आत बुडबुडेही राहतात. झाकणांत एचडीपीई आणि पीपी अशी दोन्ही प्रकारची प्लास्टिकं असतात. पहिलं साधारण १३० अंशांना वितळतं, दुसऱ्याला १६० तरी लागतात. ही मिसळच नडतेय, की मी जॅक लवकर सोडतो? झाकणं धुतल्यावर चुरा किती वाळवता? (पीव्हीसी घेत नाही, त्याचा धूर विषारी.) कुणी दाबाखालीच थंड करून पाहिलंय का? किती वेळ ठेवलंत?