मदत हवी आहे: कॅफेतल्या गझल मैफलीत माईक शिट्टी मारतो

कॅफे पुण्यात, २० बाय ३० फूट, छत ९ फुटांवर, खाली टाइल्स, एक भिंत पूर्ण काचेची. गायक, हार्मोनियम, तबला. अंगणात रात्री १० नंतर लाउडस्पीकर लावायला परवानगी नाही, म्हणून मैफल आतच.

दोन्ही स्पीकर गायकाच्या मागे आहेत, त्यामुळे त्यांचा आवाज परत माईकमध्ये शिरतो आणि आवाज वाढवला की शिट्टी. पुढे आणले तर पहिल्या टेबलावरच्यांच्या कानठळ्या बसतात. इक्वलायझरवर (आवाजातले उंच-खालचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायचं यंत्र) अडीच किलोहर्ट्झच्या आसपासच्या उंच सुरांतून ६ डेसिबल कापले की शिट्टी थांबते, पण शब्द बोथट होतात. गझलेत शब्दच गेले तर उरलं काय?

तबल्याचा माईक काढून टाकावा का? एवढ्याशा खोलीत तो मुळात लागतोच कशाला, असं वाटतं. आणि आधी खर्च कशावर करावा: काचेवर जाड पडदे की छताला रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचे) पॅनेल?