उत्तर: उत्तर: रविवारचा लेखन-कार्यक्रम – हॉलमध्ये कातडं चालणार का?

अप्पा (हॉल बुकिंग)

मंडळी,
फ्लायरवर "कातड्यावर लिहिलेली तोरा" (तोरा म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ) हे कोणी पास केलं? मंदिराच्या मॅनेजरचा सकाळी सातला फोन. करारात स्पष्ट आहे, चामड्याची वस्तू आत नाही. कोजागिरीच्या दुधावरून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, ते डिपॉझिट अजून अडकलेलं आहे. रविवारी लिहून दाखवणाऱ्या बाईंना कागदावर करता येईल का? दुपारपर्यंत कळवा, नाहीतर मी हॉल सोडतो. नाटकवाले टपूनच बसलेत.

ताई (कार्यक्रम)

अप्पा, कागदावरच करायचं तर मुलांचा सुलेखन वर्ग आहेच की, बाईंना कशाला बोलवायचं? सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी, कोशर (ज्यू धर्माने खायला चालणाऱ्या) जनावराच्या कातड्यावरच लिहितात. त्याला क्लाफ म्हणतात. ते चपलेचं कमावलेलं चामडं नव्हे. चुन्यात भिजवून केस काढतात, चौकटीवर ताणून वाळवतात, खरवडून गुळगुळीत करतात. चुन्यात टाकतानाच तोंडाने म्हणावं लागतं की हे तोरासाठी, नाहीतर पुढचं सगळं बाद.

शाई ऐकाल तर हसाल. मायफळ, हिराकस आणि डिंक! बाळगुटीतलं तेच मायफळ. लेखणी टर्कीच्या नाहीतर हंसाच्या पिसाची. रेघा शाईने मारत नाहीत, बोथट टोकाने कातड्यावर कोरतात आणि अक्षरं त्या रेघेला वरून लटकतात, आपल्या देवनागरीसारखी.

आणि खजिनदारांना तिसऱ्यांदा सांगते, शनिवार चालणार नाही. शनिवार आमचा शब्बाथ, सुट्टीचा पवित्र दिवस, तेव्हा लिहायचं नसतं. आम्हा बेने इस्रायल ज्यूंना कोकणात शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली) म्हणायचे ते काय उगाच?

बुवा

अप्पा, दर गुरुवारी त्याच हॉलमध्ये भजन होतं. पखवाज आत कसा येतो? पुडी कशाची असते? वादी कशाची? तुम्ही स्वतः शेजारी बसून टाळ वाजवता.

अप्पा (हॉल बुकिंग)

बुवा, ते वाद्य आहे. वाद्याला मुभा आहे. करारात नसेल, वहिवाटीत आहे. अकरा वर्षं मंदिराशी बोलणी मी करतोय, कोणाला स्वतः फोन करायचा असेल तर खुशाल करा.

नाटकवाले दादा

पुडीचा विषय निघालाच आहे तर, इथल्या ओलीने माझ्या डग्ग्याची पुडी पार लोळागोळा झाली आहे. सिॲटलमध्ये बदलून देणारं कोणी आहे का? की भारतात जाणाऱ्यांबरोबर पाठवू?

बुवा

दादा, हीटरजवळ ठेवू नका, फाटेल. गुरुवारी घेऊन या.

खजिनदार

शनिवारी हॉल पन्नास डॉलरने स्वस्त पडतो म्हणून विचारलं होतं, राग नसावा.
दुसरं. आमच्या ऑफिसातला एक ज्यू सहकारी म्हणाला, बाईने लिहिलेली तोरा चालतच नाही. मंडळ उगाच कोणाच्या घरच्या भांडणात पडतंय का? चालते की नाही एवढंच सांगा.

ताई (कार्यक्रम)

त्यांचं खरं आहे, त्यांच्या सिनेगॉगपुरतं (सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ). तालमुद या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, गिटीन भागात यादीच आहे, कोणी लिहिलेली तोरा बाद. त्यात स्त्री, गुलाम, अज्ञान मूल. कारण असं की "बांधा" आणि "लिहा" या आज्ञा शेजारी-शेजारी येतात, तेव्हा ज्याच्यावर तेफिलीन (प्रार्थनेच्या वेळी दंडावर आणि कपाळावर बांधायच्या वचनांच्या डब्या) बांधायची सक्ती त्यानेच लिहावं. ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी मंडळी आजही हेच धरतात. रिफॉर्म आणि रिकन्स्ट्रक्शनिस्ट या सुधारकी पंथांच्या सिनेगॉगांत बाईने लिहिलेली घेतात, कॉन्झर्व्हेटिव्हांतही बऱ्याच ठिकाणी.

भांडण आपण आणलेलं नाही, ते आपल्याच गावात आधीपासून आहे. 2003 मध्ये शेजारच्या व्हँकुव्हरची एव्हिएल बार्कले रीतसर सोफेरेत झाली. सोफेरेत म्हणजे लेखनिक बाई. 2007 मध्ये जेन टेलर फ्रीडमनने अख्खी तोरा पुरी केली. आणि 2010 मध्ये इथे सिॲटलच्या कदिमा या ज्यू मंडळींची तोरा झाली, सहाजणींनी मिळून लिहिलेली. ब्राझील, कॅनडा, इस्रायल, अमेरिका अशा कुठल्या कुठल्या त्या बायका! सुटे सुटे ताव लिहून मग एकत्र शिवायचे, तेही जनावराच्या स्नायूंच्या दोऱ्याने.

काम पाहिलंत तर बाई की बुवा विसराल. 3,04,805 अक्षरं. एक गळलं तर तोरा बाद, दोन एकमेकांना चिकटली तरी बाद. पाठ असलं तरी मनाने लिहायचं नाही. समोर प्रत ठेवून, प्रत्येक शब्द आधी तोंडाने म्हणून मग लिहायचा. साधं अक्षर चुकलं तर सुरीने खरवडता येतं. देवाच्या नावात चुकलं तर खरवडायचं नाही, तो ताव पुरायला जातो. म्हणून रविवारी बाई देवाचं नाव लिहिणार नाहीत आणि पुरी तोराही आणणार नाहीत, फक्त नमुन्याचा ताव.

अलिबागच्या मशिदीत (आम्ही सिनेगॉगला मशीदच म्हणतो) माझ्या आजीने सेफेरला जन्मभर लांबूनच हात केला आणि बोटांचा मुका घेतला. मला कार्यक्रम हवाय तो का, ते समजा.

माई

ताईचं वाचलं. माझ्या भाचीचं लग्न पुण्यात ज्ञान प्रबोधिनीच्या पुरोहित बाईंनी लावलं. नवऱ्याकडचे एक काका आदल्या रात्री फोन करून म्हणे, बाई का? दुसऱ्या दिवशी बाई प्रत्येक मंत्राचा अर्थ सांगत होत्या, तर "जरा हळू, लिहून घेतो" म्हणणारे हेच काका. जेवण मात्र सुमार होतं, मठ्ठा तर पाणीच.

खजिनदार

माई, लग्न कोणत्या कार्यालयात होतं? आम्हाला डिसेंबरसाठी बघायचंय. केटरर कळलं तर टाळता येईल.

शाळेच्या बाई

सहावीच्या मुलांना पीस छिलून देणार आहेत म्हणे, त्यासाठी चाकू लागेल. तो करारात बसतो का, अप्पा?
ताई, तू सांगितलंस की पीस चालतं का ते बघायला लेखनिक आधी अमालेक हे शत्रूचं नाव लिहून त्यावर काट मारतात. हे मी वर्गात सांगितलं. आता प्रत्येकाला कोणा ना कोणाचं नाव लिहून खोडायचंय. एकाने माझंच निवडलंय.

अप्पा (हॉल बुकिंग)

मॅनेजरशी बोललो. (मीच.) त्यांच्या फॉर्ममध्ये "वाद्ये व इतर साहित्य" असा रकाना आहे, त्यात "लेखनाचा ताव, एक" असं भरलंय. विचारलं कशाचा, मी म्हटलं पखवाजाला लागतं तसलंच. हसला आणि सही केली. अटी अशा: मुख्य हॉल नाही, बाजूची खोली. फ्लायरवरून कातडं हा शब्द आजच काढा. चाकू लेखनिक बाईंच्या हातात राहील, मुलांच्या नाही.
ताई म्हणते वाफेने ताव वेडावाकडा होतो, तेव्हा स्वयंपाकघराचं दार बंद आणि चहा-चिवडा नंतर. तेलकट हातांनी कोणी टेबलाजवळ दिसलं तर मी उठवणार, मग ते कोणाचेही चिरंजीव असोत.

नाटकवाले दादा

बाजूची खोली म्हणजे मुख्य हॉल मोकळाच ना? मग आमची तालीम तिथे लावू का, साडेतीनला? आवाज बेताचाच ठेवू.