सुपारीमुळे आखडलेला जबडा: काड्या की स्क्रूचा ओपनर?

मेहुण्यांना सबम्यूकस फायब्रोसिस (सुपारीमुळे तोंडाचं आतलं अस्तर ताठ होऊन तोंड कमी उघडणं) आहे. तोंड पूर्ण उघडल्यावर पुढच्या वरखालच्या दातांमधलं अंतर २२ मिमी (साधारण ४० हवं), गालात आतून ताठ पट्टे बोटाला लागतात. बायोप्सीत कॅन्सर नाही, अक्कलदाढ आणि जबड्याचा सांधा ठीक. गुटखा-सुपारी बंद, तिखटही बंद. मधुमेह असल्याने डॉक्टरांनी स्टेरॉइडची इंजेक्शनं टाळली.

गरम शेक देऊन आइसक्रीमच्या काड्यांची चळत पुढच्या दातांत धरतात. अकराव्या काडीपुढे गाडी सरकत नाही. जोर केला की गाल आतून चिरतो, व्यायाम थांबतो आणि पट्टे पुन्हा आवळतात. शिवाय सगळा भार पुढच्याच दातांवर, हे मला पटत नाही.

स्क्रूचा ओपनर (स्क्रू फिरवून जबडा हळूहळू उघडायचं साधन) घरी वापरलेल्यांनी सांगा: तो दाढांवर लावायचा का, ताण एका वेळी किती मिनिटं धरायचा, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय किती महिने वाट पाहून घ्यावा?