चीड की कैल? खात्रीची खूण कोणती?

गिरिमित्र: शिमल्याच्या आसपास चीड आणि कैल हे दोन्ही पाइन जवळजवळ उभे असतात. कैल निळसर, चीड पोपटी असं सगळीकडे सांगतात, पण रंगावरून गेलं की चूक होते. खात्रीची खूण कोणती? नुसत्या पडलेल्या शंकूवरून (बिया धरणाऱ्या खवलेदार बोंडावरून) ओळखता येईल का?

पानफूल: रंग सोडा, सुया म्हणजे सुईसारखी पानं मोजा. त्या जुडग्यांनी येतात: चिडाच्या जुडग्यात तीन, कैलाच्या पाच. जुन्या जुडग्यातली एखादी सुई गळलेली असू शकते, म्हणून वेगवेगळ्या फांद्यांवरचे आठ-दहा जुडगे मोजा. मग बूड पाहा. चिडाच्या जुडग्याला तपकिरी, कागदासारखं म्यान असतं आणि ते शेवटपर्यंत टिकतं. कैलाचं लवकर झडतं, बूड उघडं राहतं. चिडाची सुई 20 ते 30 सेंमी, कैलाची साधारण 12 ते 20.

रंग सगळ्यात जास्त फसवतो तो रोपांत. चिडाच्या कोवळ्या रोपाची पहिली पानं एकेकटी आणि निळसरच असतात, त्यामुळे ते हटकून कैल वाटतं. जुडगे आलेली फांदी सापडेपर्यंत निर्णय देऊ नका.

रानवाट: शंकूवरून तर लगेच कळतं. चिडाचा अंडाकृती, लाकडासारखा कठीण. खवल्यांची टोकं जाड आणि मागे वळलेली, मुठीत धरला की टोचतो. कैलाचा लांबुळका, 15 ते 30 सेंमी, देठाला लोंबणारा. खवले पातळ, बऱ्याचदा राळेने चिकट. पावसात भिजलेला शंकू मिटतो, म्हणून जाडी न मोजता लांबी मोजा.

उंचीचाही आधार घ्या. चीड साधारण 500 ते 2000 मीटर, कैल 1800 ते 3700. गोंधळ होतो तो मधल्या पट्ट्यातच; नारकंड्याला, 2700 मीटरवर, चीड शोधू नका. चिडाची जाड, भेगाळ साल वणवा सोसते, कैलाची पातळ साल सोसत नाही. वारंवार जळणाऱ्या कोरड्या उतारावर चीडच टिकतो तो यामुळे.

गिरिमित्र: चिलगोझा या तिसऱ्या पाइनलाही तीनच सुया ना?

पानफूल: हो, पण आखूड, 10 सेंमीच्या आत, आणि त्याचंही म्यान झडतं. साल पाहिली तरी पुरे: पातळ पापुद्रे सुटून खोडावर करडे-हिरवट ठिपके पडतात. तो हिमाचलातल्या किन्नौर जिल्ह्याच्या कोरड्या भागात भेटेल.