मदत हवी आहे: नाइट शिफ्टवाल्याने ॲसिडिटीची गोळी नेमकी कधी घ्यायची?

ऐरोलीची_सई
नवऱ्याची महापे एमआयडीसीत रात्री १० ते सकाळी ७ पाळी. साडेआठला जेवण, २ वाजता डबा, परतताना चहा-वडापाव आणि ९ ला झोप. आडवा झाला की छातीत जळजळ, घशाशी आंबट. डॉक्टरांनी पँटोप्राझोल ४० 'रोज सकाळी उपाशीपोटी' दिलीय. तो वडापाव खाऊन घरी आला की घेतो आणि झोपतो. ६ दिवस झाले, ढिम्म फरक नाही. गोळी बदलून मागायची का?

केमिस्टकट्टा
सईताई, गोळी नको, वेळ बदला. चिठ्ठीतली 'सकाळ' दिवसपाळीवाल्यांची. ही गोळी घड्याळावर नाही, जेवणावर चालते.

जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे पंप असतात. उपाशीपोटी त्यातले बरेच बंद असतात, अन्न पडलं की कामाला लागतात. पँटोप्राझोल चालू पंपालाच धरते. ती आतड्यात विरघळून रक्तातून तिथे पोहोचते, पण रक्तात तास-दोन तासांतच निम्मी उरते. तेवढ्या वेळात जेवण आलं नाही तर तिला धरायला फारसं काही मिळत नाही. धरलेला पंप मात्र कायमचा गेला. शरीर नवे बनवेपर्यंत आम्ल कमी राहतं, म्हणून दिवसाला एक गोळी पुरते.

तेव्हा ८ ला गोळी, साडेआठला जेवण. अख्खी गिळायची, चावायची किंवा तोडायची नाही. आवरण फुटलं तर जठरातलं आम्लच तिला खाऊन टाकतं. सगळे पंप एका दिवसात सापडत नाहीत, पूर्ण गुण यायला ३ ते ५ दिवस लागतात. वेळ बदलल्याचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

पारसिक_पलीकडचा
तोवर झोपण्याआधी ग्लासभर थंड दूध द्या.

केमिस्टकट्टा
नको. घशाखाली उतरताना गार वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सुटायला लावतात. वर भरल्या पोटी झोपणं आलंच.

ऐरोलीची_सई
मग आजची जळजळ कशाने थांबेल? आणि त्याला बीपी आहे.

डोस_आणि_डबा
बीपी असेल तर इनोसारखी सोड्याची पूड रोज नको, त्यात सोडियम भरपूर. जेलुसिल-डायजिनसारखं पातळ औषध तयार आम्ल मिनिटांत मारतं, पण रिकाम्या पोटी अर्धा-एक तासच टिकतं. लोहाची किंवा थायरॉईडची गोळी चालू असेल तर त्यात ४ तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. अल्जिनेटचं औषध खाण्यानंतर घेतात. ते अन्नावर साय धरल्यासारखं तरंगतं आणि वर येणारं अडवतं. फॅमोटिडीन तासाभरात लागू पडतं, १०-१२ तास चालतं, पण रोज घेतलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत शरीर त्याला सरावतं. अधूनमधून घ्यायला ठीक, तेही विचारून.

खरी गोम वडापावात आहे. गोळी आम्ल कमी करते, अन्ननलिकेच्या तोंडाची सैल झडप आवळत नाही. खाऊन लगेच आडवं झालं की वर येणारं येतंच. सकाळचं खाणं ५-६ वाजता कामावरच उरका, घरी आल्यावर फक्त पाणी. डाव्या कुशीवर झोप. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ६ ते ८ इंचांचे ठोकळे. उशांवर उशा रचल्या तर पोट दुमडून उलट दाब वाढतो.

गिळताना अडकणं, काळी शौचास, रक्ताची उलटी, वजन घटणं यातलं काही असेल तर गोळ्यांचा खेळ सोडून लगेच डॉक्टर. आणि छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, घाम फुटत असेल, तर ती ॲसिडिटी समजू नका, आधी ईसीजी.

ऐरोलीची_सई
यातलं काही नाही. पण पलंग बॉक्सचा आहे, पायच नाहीत. ठोकळे कुठे लावू?

डोस_आणि_डबा
गादीखाली फोमची पाचर सरकवा. उतार कमरेपासून सुरू व्हायला हवा, नुसत्या मानेखाली नको.