व्हायब्रेटरच्या चाळणीवर केबल टिकतच नाहीये, क्लॅम्प नक्की कसा करायचा?

भोसरीचा_मिस्त्री
नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत छोटी फौंड्री आहे आमची. वाळू चाळायला स्प्रिंगवर बसवलेली चाळण आहे, दोन बाजूंना दोन व्हायब्रेटर मोटर, ४ पोलच्या. मोटरला जाणारी केबल ४ कोर (आत चार तारा), प्रत्येक २.५ चौरस मिमीची, साधी पीव्हीसी, आणि ती काही केल्या टिकत नाही. आधी नायलॉनच्या टायने बांधली, पंधरा दिवसात टाय तुटले, मग जाड टाय आणले, तेही गेले. मग पोरांनी पत्र्याचा क्लॅम्प वाकवून करकचून आवळला तर क्लॅम्पने केबलच सोलली. आता केबल वाळूपासून लांब राहावी म्हणून २५ बाय ३ ची पट्टी, फूटभर लांब, चाळणीच्या अंगालाच वेल्ड करून बाहेर काढलीये, तिच्या टोकाला केबल बांधली आणि तिथून सरळ ताणून कॉलमवरच्या जंक्शन बॉक्समध्ये. गेल्या आठवड्यात ग्लँडच्या (मोटरच्या डब्यात केबल शिरते तिथे तिला धरणारा तुकडा) तोंडाशी आतल्या आत एक कोर तुटली, मोटर तीनऐवजी दोनच फेजवर चालत राहिली आणि वाइंडिंग जळालं. रिवाइंडिंगवाला खूश, मालक नाही. काय चुकतंय? फोटो अपलोड होत नाहीये म्हणून लिहून सांगतोय.

घट्ट_आवळा
दादा जाड स्टीलचा क्लॅम्प, डबल नट, स्प्रिंग वॉशर, फुल टाइट. विषय संपला.

मेंटेनन्सवाले_काका
विषय संपत नाही हो, केबल संपते.
मिस्त्री, मी पिंपरीत ३० वर्षं मेंटेनन्स केलंय, चाळणी, फीडर, शेकआऊट (साच्यातली वाळू झाडायचं यंत्र) सगळं. तुमची मुख्य चूक आवळण्यात नाहीये, केबलला हलायला जागाच ठेवली नाही ही आहे. चाळण हलणार, कॉलम हलणार नाही, मग मधला फरक कोणीतरी खायला पाहिजे ना? तुम्ही केबल ताणून बांधलीत म्हणजे तो फरक सगळा येऊन पडतो ग्लँडच्या तोंडाशी, एकाच जागी. हिशोब करा, ४ पोलची मोटर म्हणजे साधारण १४४० आरपीएम, सेकंदाला २४ हेलकावे. दोन शिफ्ट म्हणजे १६ तास धरले तर दिवसाला जवळजवळ १४ लाख वेळा तांब्याची तार त्याच जागी वाकतीये. खिळा हाताने पुढे-मागे वाकवून तोडतो तसंच आहे हे, फक्त हळूहळू.

तर ग्लँडपासून हाताच्या अंतरात, मोटर ज्या अंगावर बसलीये त्याच अंगावर पहिला क्लॅम्प घ्या. म्हणजे मोटर, ग्लँड आणि क्लॅम्प तिघं एकत्र हलतील आणि त्यांच्यामधल्या केबलला वाकायचं कारणच राहणार नाही. दुसरा क्लॅम्प कॉलमवर, जो अजिबात हलत नाही. या दोघांच्या मध्ये मोकळा लूप सोडा, खाली लोंबणारा, कशालाही न घासणारा. लूपची त्रिज्या केबलच्या जाडीच्या दहापट तरी ठेवा, तुमची केबल १२ मिमीच्या आसपास असेल तर १२० मिमी, म्हणजे लूप चांगला वीतभरापेक्षा मोठा दिसला पाहिजे. आमच्याकडे पोरं चहाच्या बशीएवढा लूप करून वर टायने आवळून ठेवायची, तो लूप नसल्यातच जमा.

अजून एक, चाळण चालू असताना बघू नका, बंद करताना बघा. स्प्रिंगवरची चाळण थांबता थांबता तिच्या स्वतःच्या स्प्रिंगच्या फ्रिक्वेन्सीतून (स्प्रिंगवर ती आपणहून ज्या वेगाने झुलते त्यातून) जाते आणि त्या दोन-चार सेकंदात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त झुलते. लूपची लांबी त्या झुलण्याला पुरली पाहिजे.

केबल पीव्हीसी सोडा, बारीक तारांची रबरी फ्लेक्झिबल घ्या. टर्मिनल बॉक्समध्ये अर्थची कोर बाकीच्यांपेक्षा थोडी लांब ठेवा, केबल ओढली गेली तर अर्थ सगळ्यात शेवटी तुटावा. आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) कितीवर सेट आहे बघा आधी, दोन फेजवर मोटर जळेपर्यंत चालली म्हणजे कोणीतरी तो वर चढवून ठेवलाय.

कॅडवाला_कोथरूड
काकांशी सहमत, पण मला ती पट्टीच खटकतीये. एका टोकाला वेल्ड केलेली ३ मिमी जाडीची ३०० मिमी लांब स्टीलची पट्टी, तिची स्वतःची फ्रिक्वेन्सी काढली तर साधारण २७ हर्ट्झ येते (रुंदीने फरक पडत नाही, २५ घ्या नाहीतर ५० घ्या). टोकाला केबलचं वजन टांगलं की अजून खाली उतरते. आणि तुमची मोटर फिरतीये २४ वर! म्हणजे तुम्ही नकळत बरोबर सुरात लावलेला तुणतुण्याचा ब्रॅकेट बनवलाय. चाळण हलतीये त्याच्यापेक्षा पट्टीचं टोक जास्त हलत असणार, टाय बिचारे काय टिकतील.
लांबी निम्मी केली की फ्रिक्वेन्सी चौपट होते, १५० मिमीला १०० च्या वर. त्याच्याऐवजी अँगल (एल आकाराची लोखंडी पट्टी) लावला तर बघायलाच नको. मोकळ्या केबलचंही तेच, दोन क्लॅम्पमधलं अंतर जास्त असलं की मधला भाग थडथड करतो, म्हणून चाळणीच्या अंगावर जेवढी केबल जाते तिथे क्लॅम्प जवळजवळ घ्या.

घट्ट_आवळा
म्हणजे स्प्रिंग वॉशर नको? आम्ही तर जन्मभर तेच लावतोय

हार्नेस_चाकण
लावा, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. १९६९ मध्ये युंकर नावाच्या जर्मन इंजिनियरने दाखवलं की बोल्टला आडवा धक्का बसत राहिला की चांगला टाइट बोल्टही आपोआप उलटा फिरून सुटतो. बोल्ट पूर्ण आवळला की स्प्रिंग वॉशर चपटा होऊन साधा वॉशरच बनतो. नायलॉक नट घ्या, नाहीतर वेज लॉकिंग वॉशरची (उतरत्या दातांनी एकमेकांत अडकणारे) जोडी. फौंड्री आहे म्हणून सांगतो, नायलॉकची नायलॉन रिंग साधारण १२० डिग्रीपर्यंतच, गरम वाळूजवळ नको.

क्लॅम्प म्हणाल तर आतून रबर असलेली पी-क्लिप (इंग्रजी पी आकाराची पत्र्याची पकड), आम्ही गाड्यांच्या वायरिंगला तीच वापरतो. नुसत्या पत्र्याने पीव्हीसी आवळलं की ते दाबाखाली हळूहळू सरकतं, बारीक होतं, क्लॅम्प सैल पडतो, तुम्ही पुन्हा आवळता, पुन्हा तेच, शेवटी तांबं दिसतं. रबर परत फुगून पकड धरून ठेवतं. मापाची घ्या मात्र, सैल असेल तर केबल आतल्या आत घासते आणि लहान घेऊन ठोकून बसवली तर चेपते.

भोसरीचा_मिस्त्री
सगळ्यांना धन्यवाद. रिले बघितला, खरंच वर चढवलेला होता, कोणी केलं म्हणून विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतायत. पी-क्लिप कुठे मिळेल?

हार्नेस_चाकण
पुण्यात बोहरी आळीत विचारा. केबलचा तुकडा बरोबर न्या, अंदाजाने सांगू नका.

भोसरीचा_मिस्त्री
अपडेट देतो. पट्टी कापून टाकली, ५० च्या अँगलचा आखूड तुकडा लावला, त्यावर दोन पी-क्लिप, रबरी केबल, कॉलमवर एक क्लॅम्प आणि मध्ये मोठा लूप. काल बंद करताना मुद्दाम उभा राहिलो, काका म्हणाले तशीच चाळण थांबताना हत्तीसारखी झुलली, लूप डोलला पण ग्लँडपाशी केबल जागची हलली नाही. फक्त डाव्या मोटरचा लूप झुलताना खालच्या अँगलच्या धारेला हलका टेकतोय, त्यामुळे कॉलमवरचा क्लॅम्प वीतभर वर घेणार आहे रविवारी.

मेंटेनन्सवाले_काका
रविवारची वाट बघू नका, आज जेवणाच्या सुट्टीत घ्या वर.